जुन्या वाड्याच्या दुरुस्तीचा प्रस्ताव : खान्देशात वारंवार होणाऱ्या या चुका टाळा

पारोळा, एरंडोल, अमळनेर, चोपडा, शहादा या गावांच्या जुन्या पेठांमध्ये आजही धाब्याची (सपाट मातीच्या छताची) घरे, सागवानी खांबांचे वाडे आणि दगडी ओटे उभे आहेत. धुळ्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. १८१९ च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्ज याने ते खान्देशचे मुख्य ठाणे केले आणि सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली, त्यामुळे तिथे एकेका घराइतकीच घरांची रांगही महत्त्वाची ठरते. अशा इमारतीच्या दुरुस्तीचा किंवा फेरबदलाचा प्रस्ताव नगरपरिषदेत किंवा महानगरपालिकेत गेला, की तो छाननीत अडकतो आणि मालकाची समजूत होते की कार्यालयाला आपले घर पडायलाच हवे आहे. असे प्रस्ताव तयार करण्यात मालकांना मदत करताना माझा अनुभव मात्र वेगळा आहे. मालकाने गैर काही मागितले म्हणून प्रस्ताव अडकल्याचे मी क्वचितच पाहिले. तो अडकतो, कारण आज तिथे काय आहे आणि ते कशामुळे बिघडले, हे त्यात कुठेच लिहिलेले नसते.

‘ही तर नुसती दुरुस्ती आहे’

सर्वांत महागात पडणारी चूक या एका वाक्यात आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ मध्ये इमारतीच्या केवळ आतल्या भागावर परिणाम करणारी किंवा बाह्यरूपात ठळक फरक न पाडणारी देखभालीची कामे परवानगीच्या अटीतून वगळली आहेत, आणि बहुतेक मिस्त्री व काही अभियंतेही एवढेच लक्षात ठेवतात. त्याच कलमात पुढे वारसा इमारती आणि वारसा परिसर यांना या सवलतीतून बाहेर ठेवले आहे, हे मात्र कोणी सांगत नाही. मुंबईत १९९५ साली लागू झालेल्या वारसा नियमावलीने तर रंगकाम आणि गिलावा यांनाही पूर्वपरवानगीच्या कक्षेत आणले होते. राज्याच्या बहुतेक शहरांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतही वारसा जतनाच्या तरतुदी आहेत. वारसा यादीतल्या वाड्याची आतली माडी काढून तिथे स्लॅब टाकणे हे म्हणूनच मालकाच्या दृष्टीने दुरुस्ती असले, तरी कायद्याच्या दृष्टीने तो परवानगी लागणारा बदल आहे.

वारसा यादीत इमारतींच्या श्रेणी ठरवलेल्या असतात आणि प्रत्येक इमारतीला सारखीच बंधने नसतात, हेही अर्ज करण्यापूर्वी समजून घ्यावे. श्रेणी १ च्या इमारतीत आयुष्य वाढवण्यासाठी आवश्यक असलेल्या मजबुतीकरणापलीकडे आतबाहेर हात लावता येत नाही. श्रेणी २ मध्ये छाननीनंतर आतले बदल आणि नवा वापर यांना वाव असतो. श्रेणी ३ मध्ये त्याहून अधिक मोकळीक असते. आपली श्रेणी न पाहता शेजारच्या घराला जे मिळाले तेच मागणारे अर्ज मी अनेकदा पाहिले आहेत, आणि काही मालक तर मिळू शकणारी मोकळीकही मागत नाहीत.

चुकीच्या दारात अर्ज

आपले घर विकास योजनेतील वारसा यादीत आहे का, हे नगररचना शाखेत विचारणे ही पहिली पायरी आहे. दुसरी पायरी अनेकांना माहीतच नसते. जवळ केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक असेल, तर घर स्वतः साधे असले तरी बंधने लागू होतात. तापी-पूर्णा संगमावरचे चांगदेवाचे मंदिर किंवा साक्री तालुक्यातील बळसाणे येथील मंदिरे यांच्या आसपास राहणाऱ्यांनी हे नीट वाचावे. प्राचीन स्मारकांच्या केंद्रीय कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर हे प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढील २०० मीटर हे विनियमित क्षेत्र आहे. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम करता येत नाही, परंतु १६ जून १९९२ पूर्वीपासून उभ्या असलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. त्यासाठी घर त्या तारखेपूर्वीचे आहे हे दाखवावे लागते. घरपट्टीचा जुना उतारा, नगर भूमापनाचे मालमत्ता पत्रक, विजेच्या जोडणीचा कागद असे काहीही उपयोगी पडते, म्हणून जुन्या ट्रंकेतले कागद रद्दीत देण्याआधी एकदा पाहावेत. अंतर मोजायचे ते स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून. कळसापासून किंवा गाभाऱ्यापासून मोजलेले अंतर ग्राह्य धरले जात नाही.

कारण न शोधता मागितलेला उपाय

प्रस्तावात ‘धाबे गळते, सबब स्लॅब टाकण्याची परवानगी मिळावी’ असे एकच वाक्य असते. छाननी करणाऱ्याने यावरून काय ठरवायचे? आपल्याकडच्या धाब्याची रचना साधी आहे, पण तिची शिस्त कडक आहे. कड्यांवर (छत पेलणाऱ्या आडव्या लाकडांवर) पाट किंवा कामट्या, त्यावर पाला, त्यावर मातीचा जाड थर आणि सर्वांत वर खारी. या खाऱ्या मातीतल्या क्षारांमुळे तिचे बारीक कण पाणी लागताच सुटे होऊन फटी बुजवतात, म्हणून ती पाणी अडवते. ही खारी दरवर्षी पावसाआधी, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास पाहावी लागते. अनेक घरांत गळती लागली की जुना थर न काढता त्यावरच नवी माती टाकत गेलेले असतात. एक चौरस मीटर जागेवर १० सेंटिमीटर माती वाढली, तर सुमारे दीडशे ते पावणेदोनशे किलो वजन वाढते; तीन पिढ्यांनी असे केले असेल तर कड्या वाकणारच. अशा वेळी बिघाड धाब्याच्या पद्धतीत नसून साचलेल्या वजनात असतो, आणि वरचे थर उतरवून मूळ जाडीवर आणले की निम्मे दुखणे कमी होते. पन्हळ तुंबल्यामुळे पाणी भिंतीत मुरत असेल, तर उपाय आणखी स्वस्त आहे.

लाकडाचेही तसेच आहे. ‘तुळया कुजल्या आहेत’ असे लिहिण्यापूर्वी प्रत्येक तुळई टोचणीने तपासावी. बहुतेक वेळा तुळईचा भिंतीत गेलेला हात-दीड हाताचा भाग कुजलेला किंवा उधईने खाल्लेला असतो आणि उरलेले सागवान ठणठणीत असते. कुजलेले टोक कापून तिरप्या सांध्याने नवे सागवान जोडणारे सुतार अजून मिळतात. अशी दुरुस्ती मागणारा अर्ज चटकन मंजूर होतो, कारण त्यात काढायचे काय आणि ठेवायचे काय, हे इंचात सांगितलेले असते.

सिमेंटच्या गिलाव्याबद्दल मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण आमच्या स्वतःच्या घराची पश्चिमेची भिंत मी त्यामुळेच गमावली. पांढऱ्या मातीची ती दोन हात रुंद भिंत दर पावसाळ्यात थोडी झिजायची, म्हणून एका ठेकेदाराच्या सल्ल्याने आम्ही तिला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. दोन वर्षे ती सुरेख दिसली. मातीची भिंत जमिनीतून ओल वर ओढते आणि उन्हाळ्यात ती बाहेर सोडते. सिमेंटने ती वाट बंद केल्यावर ओल आतच साठली, आतल्या बाजूने खार फुटला, तळाची माती मऊ झाली आणि एका श्रावणात गिलाव्याच्या आतली भिंत खचली. गिलाव्याचा पत्रा मात्र तसाच उभा होता. त्या भिंतीला मातीचाच लेप किंवा चुन्याचा गिलावा, आणि पायथ्याशी पाणी वाहून नेणारी चर एवढेच हवे होते. तापमान ४५ अंशांपुढे जाणाऱ्या आपल्या भागात त्या भिंतीने जो गारवा दिला, तो नंतर बांधलेल्या विटांच्या भिंतीने कधी दिला नाही.

भेगांच्या बाबतीत काळ्या जमिनीचा विचार न करणे ही अशीच एक चूक आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. चौकात फरशी घालताना उतार उलटा झाला किंवा शौचालयाचा शोषखड्डा जोत्याला खेटून घेतला, तर एका कोपऱ्याखालची जमीन सतत ओली राहते आणि घर तिरपे होऊ लागते. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तिच्यावर तारीख लिहावी; पट्टी तडकली तर भेग हलते आहे, नाही तडकली तर ती जुनी आहे. निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा यांची अशी नोंद असेल, तर ‘इमारत धोकादायक आहे’ या मोघम दाखल्यापेक्षा ती कितीतरी वजनदार ठरते. एखादा भाग खरोखरच कोसळण्याच्या बेतात असेल, तर आधी टेकू द्यावेत, छायाचित्रे घ्यावीत आणि लगेच लेखी कळवावे; धोक्याचे निमित्त करून सगळा वाडा उतरवणे मात्र कोणत्याही छाननीत टिकत नाही.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. दुरुस्तीसाठी पांढरी माती हवी म्हणून गावाबाहेरच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडातून ट्रॅक्टर भरून आणण्याची सवय मोडली पाहिजे. प्रकाशे आणि बहाळ येथील उत्खननांतून ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचा पुरावा मिळाला, तो अशाच टेकाडांतून. पडलेल्या भिंतीची स्वतःची माती मळून पुन्हा वापरता येते.

अपुरे कागद

प्रस्तावित नकाशा असतो, पण सद्यःस्थितीचा नकाशा नसतो. खांब कुठे, तळखडे (खांबाखालचे दगड) कुठे, कोणत्या खणात काय बिघाड, हे दाखवल्याशिवाय बदल किती हे कळत नाही. प्रत्येक खणाला क्रमांक द्यावा आणि छायाचित्रांवर तोच क्रमांक लिहावा. ‘जुन्यासारखेच करू’ या शब्दांऐवजी चुन्याचे व वाळूचे प्रमाण, लाकडाची जात, सांध्याची पद्धत लिहावी.

इमारतीचे महत्त्व सांगणारा परिच्छेद अर्जदार सहसा गाळतात किंवा केवळ कोरीव कामाचे वर्णन करून थांबतात. घराचे महत्त्व नक्षीबाहेरही असू शकते. फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. त्या गावातल्या एखाद्या साध्या ओसरीचा संबंध त्या दिवसांशी असेल आणि त्याचा कागद घरात असेल, तर तो जोडावा, कारण मग ती ओसरी काढण्याचा विचार मालकही पुन्हा करतो.

वाटणीच्या घरात सर्व हिस्सेदारांची लेखी संमती आधी घ्यावी. पुण्याला किंवा सुरतेला राहणाऱ्या चुलत्याची सही उरली म्हणून प्रस्ताव वर्षभर पडून राहतो आणि त्या वर्षात आणखी एक कडी खाली येते. अर्ज दिवाळीनंतर लगेच द्यावा. वैशाखात दिलेल्या अर्जावर कोणी कितीही तत्परता दाखवली, तरी चुन्याचे काम मृगाआधी पुरे होत नाही.

छाननी करणाऱ्यांच्या चुका

सगळा दोष अर्जदारांचा नाही, हे स्पष्टपणे लिहिले पाहिजे. जागेवर न जाता केवळ दर्शनी भागाच्या छायाचित्रावर मत देणे, ‘पारंपरिक शैलीशी सुसंगत ठेवावे’ अशी कोणालाही पाळता न येणारी अट घालणे, आणि नकार देताना कारण न लिहिणे, या चुका मी पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत. वारसा समिती सल्ला देते. निर्णय नियोजन प्राधिकरणाचा, म्हणजे नगरपरिषदेचा किंवा महानगरपालिकेचा असतो, म्हणून सल्ला इतका नेमका असावा की अधिकाऱ्याला तो आदेशात जसाच्या तसा उतरवता येईल. ‘खिडक्या लाकडीच ठेवाव्यात, जुन्या चौकटी दुरुस्त कराव्यात, जिथे चौकट पूर्ण गेली आहे तिथेच नवी सागवानी बसवावी’ ही अट मिस्त्रीलाही समजते. समितीतील कोणाचा त्या घराशी किंवा त्या कामाशी संबंध असेल, तर त्याने त्या विषयापुरते बाजूला राहावे. आणि घरात माणसे राहतात, त्यांना न्हाणीघर व शौचालय लागते, हे विसरून केलेली छाननी शेवटी घर रिकामे करते. रिकामे घर राहत्या घरापेक्षा लवकर पडते.

नकार आला तर अर्जदाराने आदेशातील कारणे वाचून सुधारित प्रस्ताव द्यावा. आदेश चुकीचा वाटत असेल, तर तो कळल्यापासून ४० दिवसांत नगररचना अधिनियमाच्या कलम ४७ खाली राज्य सरकारकडे अपील करता येते. हा अवधी केवळ ओळखीपाळखीच्या खटपटीत घालवू नये. त्याच अधिनियमाच्या कलम ४५ मधील ६० दिवसांच्या मुदतीवर बोट ठेवून ‘उत्तर आले नाही म्हणजे परवानगी मिळाली’ असे मानून काम सुरू करणेही धोक्याचे आहे. नियमांशी विसंगत असलेल्या कामाला ती मुदत संरक्षण देत नाही.

परवानगी हातात आल्यावर

खरा बिघाड पुष्कळदा इथे होतो. मंजूर नकाशा कपाटात राहतो आणि काम मिस्त्रीच्या अंदाजाने चालते. चुन्याचा गिलावा आधी हातभर जागेवर करून दाखवायला सांगावा, तो पंधरा दिवस पाहावा आणि मगच पुढे जावे. भिंत उघडल्यावर नकाशात नसलेले काही सापडले, उदाहरणार्थ बुजवलेली देवळी, जुना रंगीत गिलावा किंवा दगडी पायरी, तर काम थांबवून कळवावे. त्यासाठी प्रस्तावात दुरुस्ती करून घेता येते.

उतरवलेले लाकूड अंगणात ठेवले, की दोन दिवसांत जुन्या सागवानाचे खरेदीदार येतात. कोरलेले हस्त (तुळईखालचे लाकडी आधार), गणेशपट्टी आणि दिंडी दरवाजाची फळी यांचे मोल त्यांना मालकापेक्षा चांगले ठाऊक असते, आणि दुरुस्तीच्या खर्चाने टेकीला आलेला मालक हो म्हणतो. काम सुरू होण्याआधीच प्रत्येक तुकड्यावर खणाचा क्रमांक रंगवावा, त्यांची यादी करून तिची एक प्रत कार्यालयात द्यावी आणि तुकडे कुलुपात ठेवावेत. काम संपल्यावर कोणता तुकडा परत कुठे बसला, नवे लाकूड कुठे जोडले आणि कोणती भिंत कशाने लिंपली, याचा नकाशा छायाचित्रांसह त्याच फाइलीला जोडावा. पुढच्या वेळी धाब्याचे थर उतरवायला जो येईल, त्याला किती माती मूळची आहे, हे त्याच कागदावरून कळेल.