फिशटँकमधल्या माशाला दयामरण: लवंगतेलाचं माप, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

मासा आडवा होऊन तरंगायला लागला, खाणं सोडलं, की घरात कुणालाच काय करावं ते सुचत नाही. मग कुणीतरी संडासात टाकून फ्लश करतं, कुणी पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवतं, आणि कुणी पुण्याचं काम म्हणून सोलापुरातल्या सिद्धेश्वर तलावात किंवा कंबर तलावात सोडून येतं. सुटका यातून आपली होते, माशाची नाही. मेडिकलमध्ये दातदुखीसाठी मिळणारं लवंगतेल, दोन लिटर पाणी आणि दीड-दोन तासांचा निवांत वेळ असेल तर हेच काम घरी नीट करता येतं. फक्त माप आणि क्रम पाळावा लागतो.

माशाला दुखतं का?

गळाला लागलेला मासा तडफडतो ती नुसती शरीराची प्रतिक्रिया, त्याला जाणवत काही नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. 2003 साली स्कॉटलंडमधल्या रोझलिन संस्थेत लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या तोंडाभोवती इजा ओळखणारे मज्जातंतू असल्याचं दाखवलं. मग माशांच्या ओठात मधमाशीचं विष किंवा ॲसेटिक आम्ल टोचलं. ते मासे कल्ल्यांनी जोरजोरात श्वास घेऊ लागले, तळाशी बसून डोलू लागले. आम्ल टोचलेले मासे ओठ खडीवर घासत होते. कितीतरी वेळ त्यांनी अन्नाला तोंड लावलं नाही. मॉर्फिन दिल्यावर ही लक्षणं कमी झाली. नुसती प्रतिक्रिया असती तर वेदनाशामकाने वागणं एवढं बदललं नसतं.

दुसरी बाजूही आहे. माणसात वेदनेची जाणीव मेंदूच्या ज्या बाह्य थरात होते तो थर माशात नाही, म्हणून माशाची वेदना आपल्यासारखी नसणार, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. वाद अजून चालू आहे. पण आपल्यापुढचा प्रश्न त्यापेक्षा सोपा आहे: दुखत असण्याची शक्यता भक्कम आहे आणि काळजी घ्यायला खर्च होतो लवंगतेलाच्या एका बाटलीचा. शिवाय 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. मासाही त्यात येतो.

आधी पाणी बघा

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत मरायला टेकल्यासारखे दिसणारे बरेच मासे आजारी नसतातच, ते उकडलेले असतात. बाहेर पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा खोलीतल्या टँकचं पाणी 33-34 अंशांवर जातं. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 34 अंशांना जेमतेम 7. त्यातच लाइट गेली आणि एअर पंप बंद पडला की मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. अशा वेळी पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवा, टँकचं झाकण काढा, पंखा पाण्यावर वळवा, गोठवलेली पाण्याची बाटली तासाभरासाठी टँकमध्ये तरंगत ठेवा. तासात दोन अंशांपेक्षा जास्त उतरवू नका.

दुसरं कारण नळाचं पाणी. काही दिवसांआड पाणी येतं म्हटल्यावर आलेल्या दिवशी बादल्याच्या बादल्या टँकमध्ये ओतल्या जातात, आणि क्लोरीन थेट कल्ल्यांवर जातं. उघड्या बॅरलमध्ये दिवसभर ठेवलेलं पाणी वापरा किंवा मत्स्यालयाच्या दुकानातलं क्लोरीन घालवणारं औषध टाका. अमोनियाचं टेस्ट किटही घरात असावंच. गरम आणि अल्कधर्मी (जास्त पीएचच्या) पाण्यात, आणि बोअरचं पाणी बऱ्याचदा तसंच असतं, तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो.

गोल्डफिश पोट वर करून तरंगत असेल तर दोन-तीन दिवस उपास घडवा. जास्त पेलेट खाऊन पोट फुगलं असेल तर बऱ्याचदा एवढ्यावर भागतं.

निर्णय घ्यायची वेळ येते ती अशी: अंग फुगून वरून पाहिल्यावर सगळे खवले उभे राहिलेले दिसतात आणि आठवडाभराच्या औषधाने फरक पडत नाही; पाठीचा कणा वाकलाय आणि मासा पोहूच शकत नाही; गाठ इतकी वाढलीय की तोंड किंवा कल्ला बंद होत नाही; किंवा बाकीच्यांनी पर आणि डोळे कुरतडून टाकलेत. एक वाईट दिवस हे कारण नाही. पण आठवडाभर न खाणारा, तळाला एका कुशीवर पडलेला, जाळी अंगाला लावली तरी न हलणारा मासा ‘बघू अजून दोन दिवस’ म्हणून ठेवू नका. फायटर साधारण तीन वर्षं जगतो, गप्पी दोन. तेवढं वय झालेल्या माशावर औषधांचा मारा करण्यात अर्थ नसतो.

काय लागतं

शुद्ध लवंगतेल. लेबलवर कापूर, मेंथॉल, तिळाचं तेल असं काही मिसळलेलं असेल तर ते नको; अगरबत्ती-डिफ्यूजरसाठीचं सुगंधी तेल तर अजिबात नको. तपासायची सोपी रीत: काचेच्या ग्लासात पाणी घेऊन दोन थेंब टाका आणि ढवळा. लवंगतेल पाण्यापेक्षा जड असतं, ते तळाला जाऊन बसतं. वर तवंग राहिला तर भेसळ आहे.

स्टीलचं पातेलं किंवा काचेचं भांडं, दोन लिटर मावेल एवढं. प्लास्टिकमध्ये वास कायमचा मुरतो आणि थर्मोकोल तर या तेलाने विरघळतो. झाकणाची काचेची बाटली, सुई काढलेली 2 मिलीची सिरिंज, खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं 10 मिलीचं माप, घड्याळ. इन्शुलिनची सिरिंज टाळा. तिच्यावर मिली नसतात, युनिट असतात. लाल टोपीच्या सिरिंजवर 40 युनिट म्हणजे 1 मिली आणि केशरी टोपीच्या सिरिंजवर 100 युनिट म्हणजे 1 मिली, आणि घाईत इथेच घोळ होतो. थेंब मोजणंही नको, प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा.

दोन लिटर पाण्याला एकूण 1 मिली तेल लागतं. दहा सेंटिमीटरपर्यंतच्या माशाला एवढं पाणी पुरतं. ऑस्कर किंवा फ्लॉवरहॉर्नसारखा मोठा मासा असेल तर 10 लिटर पाणी आणि 5 मिली तेल घ्या, आणि पुढची द्रावणाची मापंही पाचपट करा. फूटभराच्या अरोवानाचं काम मात्र पशुवैद्याला विचारल्याशिवाय हातात घेऊ नका. छोट्या दुकानातल्या बाटलीत तेल कमी निघालं तर अर्ध्यातून थांबावं लागतं, म्हणून आधी मोजून खात्री करा.

क्रम

खिडकी उघडी ठेवा. काचेच्या बाटलीत 100 मिली कोमट पाणी आणि 1 मिली तेल घालून झाकण लावा आणि मिनिटभर जोरात हलवा. पाणी दुधासारखं पांढरं व्हायला हवं. तेल पाण्यात सहज विरघळत नाही. न हलवता ओतलं तर त्याचे गोळे होऊन कल्ल्यांना चिकटतात आणि मासा उसळतो. या द्रावणाच्या प्रत्येक 10 मिलीत 0.1 मिली तेल आहे, सगळं गणित त्यावर. पाणी निवू द्या, टँकच्या तापमानाला येऊ द्या.

पातेल्यात टँकचंच दोन लिटर पाणी घ्या, ताजं नळाचं नाही. एअरस्टोन (एअर पंपाच्या नळीला लावलेला, बुडबुडे सोडणारा दगड) सोडा. मासा जाळीत न पकडता शक्यतो भांड्यातच घेऊन हळूच आणा, आणि ताट अर्धवट झाकून पाच-दहा मिनिटं शांत राहू द्या.

आता बाटली पुन्हा हलवा आणि 10 मिली द्रावण माशापासून लांब, भांड्याच्या कडेने, दोन-तीन मिनिटांत थोडंथोडं सोडा. हा भुलीचा डोस. तीन ते पाच मिनिटांत पोहणं मंदावतं, तोल जातो, मासा कुशीवर कलतो. कल्ले हलत असतात पण सावकाश. शेपटीच्या मुळाशी बोटांनी हलकेच दाबून बघा. अंग आकसलं, पर हलला, तर अजून भूल चढलेली नाही, थांबा. दहा मिनिटांतही काही फरक दिसला नाही तर आणखी 10 मिली द्या.

दाबल्यावर काहीच हालचाल झाली नाही, की मगच एअरस्टोन काढा आणि बाटली हलवून उरलेलं सगळं द्रावण ओता. काही मिनिटांत कल्ले थांबतात.

इथे थांबू नका. कल्ले थांबले म्हणजे मासा मेला असं नाही, हृदय त्यानंतरही चालू असतं, आणि साध्या पाण्यात टाकला तर तो शुद्धीवर येऊ शकतो. कल्ल्यांच्या शेवटच्या हालचालीपासून घड्याळ लावून किमान 30 मिनिटं त्याच पाण्यात ठेवा. गोल्डफिश, कोई, फायटर, गुरामी आणि कॅटफिश यांना तासभर. हे मासे कमी ऑक्सिजनमध्ये तग धरणारे. गोल्डफिश तर ऑक्सिजनशिवायही बराच वेळ काढतो, शरीरात साठणाऱ्या लॅक्टिक आम्लाचं तो अल्कोहोल करून बाहेर टाकतो. पाण्याबाहेर काढून ठेवलेला गोल्डफिश ‘लगेच जातो’ हा समज म्हणूनच खोटा आहे.

पूर्ण खात्रीसाठी, तासाभरानंतर, मासा पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायला हरकत नाही. भुलीआधी फ्रीजर आणि मृत्यूनंतर फ्रीजर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कुठे बिघडतं

मासा भांड्यात आदळायला लागला तर द्रावण फार भरकन गेलंय किंवा नीट मिसळलेलं नाही. ताबडतोब टँकचं अर्धा-एक लिटर पाणी ओता, पाच मिनिटं थांबा, पुन्हा सावकाश सुरू करा; शेवटच्या डोसात मात्र वाढलेल्या प्रत्येक लिटरला अर्धा मिली तेल वाढवा. सगळं तेल एकदम ओतण्याचा मोह घाई असते तेव्हा होतो, आणि या पद्धतीची बदनामी बहुतेक त्यामुळेच झालीय.

इनो किंवा सोड्याचं पाणी वापरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. कार्बन डायऑक्साइडने पाणी आंबट होतं आणि मासा शुद्धीत गुदमरतो. दारू, मीठ, ब्लीचिंग पावडर, उकळतं पाणी, हे सगळं कल्ल्यांची आग करणारं. भूल न देता डोकं कापणंही टाळा, माशाचा मेंदू धडापासून वेगळा झाल्यावरही काही काळ जिवंत राहतो.

बर्फाचं काय? गप्पी, निऑन, झेब्रा डॅनिओ अशा चार सेंटिमीटरच्या आतल्या उष्ण पाण्यातल्या माशांना 2 ते 4 अंशांच्या बर्फपाण्यात एकदम सोडणं चालतं. काही सेकंदांत हालचाल थांबते. पण मासा बर्फाला टेकता कामा नये, मध्ये जाळी हवी, आणि थर्मामीटर हवाच. गोल्डफिश आणि कोईला ही पद्धत कधीच नाही, ते थंडी सोसणारे मासे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बर्फ वितळून पाणी 8-10 अंशांवर जायला वेळ लागत नाही, म्हणून लहान माशालाही लवंगतेलच बरं.

नंतर

मासा कागदात गुंडाळून कुंडीत किंवा अंगणात फूटभर खोल पुरा. मांजरीला देऊ नका, लवंगतेलातला मुख्य घटक मांजरीचं शरीर नीट पचवू शकत नाही. तलावात तर मेलेलाही नको आणि जिवंतही नको: मेलेल्याबरोबर रोग जातो, जिवंत ऑस्कर किंवा सकर तिथल्या माशांवर उलटतो.

पातेल्यातलं पाणी भरपूर साध्या पाण्याबरोबर मोरीत सोडा, टँकमध्ये किंवा तुळशीत नको. पातेलं साबणाने दोनदा घासा. वास राहिला तर ते पुन्हा टँकच्या कामाला घेऊ नका, तेलाचा अंशही बाकीच्या माशांना गुंगी आणतो. जाळी धुऊन दोन दिवस कडक उन्हात टाका. आजार संसर्गाचा असेल तर टँकचं चौथा हिस्सा पाणी बदला, आणि दोन आठवडे नवा मासा आणू नका. तेवढ्यात उरलेल्यांपैकी कुणी लपून बसतंय का, खाणं टाकतंय का, ते रोज बघा.