ठाण्याहून नाशिकच्या वायनरींकडे निघताय? या चुका टाळा

थंडी पडली की आमच्या सोसायटीतलं एखादं जोडपं नाशिकच्या वायनरी, म्हणजे वाइन बनवतात ती ठिकाणं, बघायला निघतं आणि हमखास विचारतं, "सकाळी निघून रात्री परत येता येईल ना?" येता येतं. घोडबंदर रोडवरून नाशिक दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग इगतपुरीपासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत सुरू झालाय, त्यामुळे कसारा घाटही टळतो. तरी मी प्रत्येकाला आधी एकच विचारते, परतीला स्टिअरिंग कोणाच्या हातात?

हे न ठरवता निघणं ही सगळ्यात मोठी चूक. एका टेस्टिंगमध्ये, म्हणजे वाइन चाखण्याच्या बैठकीत, पाच-सहा वाइन थोड्या थोड्या ओततात. घोट घोट म्हणता म्हणता एक भरलेला ग्लास सहज पोटात जातो आणि दुसऱ्या वायनरीत आणखी एक. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. पहिल्यांदा सापडलात तर दहा हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण दंडापेक्षा मला भीती वाटते ती परतीच्या वाटेवर पडघ्यापासून माजिवड्यापर्यंत अंधारात पुढेमागे धावणाऱ्या ट्रकांची. तिथे पूर्ण शुद्धीतल्या माणसाचाही कस लागतो.

आम्ही दोघं आता एक रात्र नाशिकला राहतो. शनिवारी मी चाखते, गाडी नवरा चालवतो, रविवारी उलट. ज्याची चालवायची पाळी असेल त्याने नुसता वास घ्यायचा. वासातच वाइनचं निम्मं कळतं, त्यामुळे त्याचा दिवस फुकट जात नाही. मुक्काम जमत नसेल तर ड्रायव्हर घ्या, किंवा ठाण्याहून थेट रेल्वेने नाशिक रोडला उतरून तिथे टॅक्सी करा.

तारीख ठरवताना २६ जानेवारी जोडून आलेली सुट्टी बघून पुष्कळजण बुकिंग करतात. तो ड्राय डे. बाग दिसेल, ग्लास मिळणार नाही. पावसाळ्यात जाऊन "द्राक्षं कुठेयत?" म्हणून हिरमुसणारेही भेटतात. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलची खरड छाटणी काडी, म्हणजे पुढे घड धरणारी फांदी, तयार होण्यासाठी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी. घड आणि तोडणी बघायची तर जानेवारी ते मार्च.

एका दिवसात दोनच वायनरी करा. गंगापूर धरणाकडे सुला, यॉर्क, सोमा जवळजवळ आहेत. ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने इगतपुरीच्या बाजूला. दोन्ही टोकं एकाच दिवशी गाठायला गेलात तर बहुतेक वेळ गाडीतच जाईल.

नाशिकला जाऊन मिसळ सोडा असं मी कोणालाच सांगणार नाही. फक्त टेस्टिंगच्या आधी नको. तिखटाने पोळलेल्या जिभेवर अल्कोहोल जास्तच जळजळतं आणि रेड वाइन उगाच कडवट लागते. मिसळ टेस्टिंग आटोपल्यावर खा. पण म्हणून उपाशीपोटीही चाखू नका. पोळी-भाजी, दहीभात असं साधं खाऊन जा. अंगावर अत्तर, परफ्यूम नको आणि केसांत मोगऱ्याचा गजराही नको, कारण मग प्रत्येक ग्लासाला त्याचाच वास येतो.

क्रमही पाळा. आधी बुडबुड्यांची स्पार्कलिंग, मग शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँसारख्या व्हाइट, मग गुलाबी रोझे, मग शिराझ, कॅबर्नेसारख्या रेड आणि गोड डेझर्ट वाइन सगळ्यात शेवटी. रेडचा पहिला घोट घेऊन "ही खराब झालीय" म्हणणारे मी पाहिलेत. खराब नसते, तुरट असते. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते तसंच हे, द्राक्षाच्या सालीतल्या आणि बियांतल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे. सोबत चीजचा तुकडा घ्या, तुरटपणा लगेच मवाळ होतो. चौथ्या-पाचव्या ग्लासानंतर सगळंच सारखं लागायला लागलं तर जीभ थकलीय असं समजा. पाणी प्या, बागेत एक फेरी मारून या. घोट तोंडात घोळवून टाकून द्यायला तिथे भांडं ठेवलेलं असतं. ते वापरायला लाजू नका.

आणि बाटल्या. मार्चमधल्या एका दुपारी आम्ही शहापूरजवळ जेवायला थांबलो, गाडी तासभर उन्हात. घरी येऊन पिशवी उघडली तर एका शिराझचा कॉर्क नखभर वर आलेला, मानेवरून चिकट जांभळा ओघळ आलेला. आम्ही ती लग्नाच्या वाढदिवसासाठी घेतली होती. उघडली तेव्हा तिला उकडलेल्या मनुकांचा वास येत होता. बंद डिकी उन्हात भट्टीसारखी तापते आणि वाइन त्यात अक्षरशः शिजते. तेव्हापासून आम्ही थर्माकोलचा खोका नेतो, तळाशी बर्फाच्या पिशव्या, वर जाड टॉवेल. बाटल्या शेवटच्या थांब्यावरच घ्या, वाटेत जेवायला थांबलात तर गाडी सावलीत लावा. घरी आल्यावर त्या आठवडाभर अंधाऱ्या कपाटात राहू द्या, गॅसजवळ किंवा फ्रिजच्या डोक्यावर नको. कॉर्क वर आलेला दिसला तर मात्र ती बाटली राखून ठेवू नका, त्याच आठवड्यात उघडा.