चालू मालमत्ता: एकूण आकड्याच्या आत काय बघायचं

अकाउंट्समध्ये नव्याने आलेल्यांना चालू मालमत्तेची व्याख्या पाठ असते: 12 महिन्यांत रोख होणारी किंवा वापरून संपणारी मालमत्ता. रोकड, बँकेतली शिल्लक, येणी (गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे), माल, आगाऊ भरलेला विम्याचा हप्ता. पण 'किंवा धंद्याच्या एका चक्रात' (कच्चा माल घेण्यापासून विक्रीचे पैसे हातात येईपर्यंत) हे व्याख्येचं शेपूट बहुतेक जण गाळतात. पिंपात वर्षानुवर्षं मुरणारी व्हिस्की 12 महिन्यांत विकायची नसते, तरी ती बनवणाऱ्याच्या ताळेबंदात चालू मालमत्ताच. गाडी विकायला ठेवली तर चालू. तीच माल पोचवायला वापरली की स्थिर.

मी ताळेबंदातली एकूण बेरीज नंतर बघतो, आधी येण्यांचं एजिंग, म्हणजे कोणती येणी किती जुनी याची यादी, मागतो. 30 दिवसांपर्यंतची किती, 60 पर्यंतची किती, 90 च्या पुढची किती. समजा चालू मालमत्ता 20 लाख आणि वर्षभरात द्यायची देणी 10 लाख. करंट रेशो (चालू मालमत्ता भागिले ही देणी) 2, परीक्षेत पूर्ण गुण. आता आत डोकवा: माल 12 लाखांचा, येणी 7 लाख, रोकड 1 लाख. माल वगळला की क्विक रेशो 0.8 वर येतो. त्या येण्यांतले 4 लाख 90 दिवसांपेक्षा जुने निघाले, तर भरवशाचे राहिले 4 लाखच. पगार मात्र महिनाअखेरीला द्यायचेच असतात. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. चांगला नफा दाखवणारे धंदेही इथेच अडकतात. रोकडीतही बघा: बँक हमीपोटी अडकलेली ठेव आपलीच असते, पण तिला हात लावता येत नाही. आणि जमलं तर गोदामात चक्कर मारा. सर्वांत मागच्या खोक्यावरची तारीख वाचली की मालाच्या किमतीवर किती विश्वास ठेवायचा ते कळतं.

घरच्या पैशात मी बचत खातं आणि वर्षाच्या आत मुदत संपणारी ठेव एवढंच धरतो. शेअर चटकन विकता येतात हे खरं, पण गरजेच्या दिवशी भाव काय असेल याची खात्री नाही. मित्राला दिलेले हातउसने तर मी धरतच नाही (मित्र चांगला असला तरी). समोरच्या, म्हणजे वर्षभरात द्यायच्या देण्यांच्या, बाजूला क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि गृहकर्जातलं पुढच्या 12 महिन्यांत फेडायचं मुद्दल तेवढं येतं. बाकीचं मुद्दल दीर्घकालीन देण्यांत जातं. नवखे लोक ते अख्खं इकडे मांडतात आणि उगाच घाबरतात.