क्लीन एनर्जी स्टार्टअपवाल्यांनो, व्हीसीचं दार ठोठावण्याआधी या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात एक तरुण फाइल घेऊन माझ्याकडे सल्ल्याला आला. पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचे, पेलेट (दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या) करून वीजकेंद्रांना विकायचे, ही त्याची कल्पना. कल्पनेत खोट नव्हती. कोळशासोबत बायोमास पेलेट जाळणं केंद्राने 2021 मध्ये बंधनकारक केलं. कोराडी, खापरखेडा, मौदा ही केंद्रं नागपूरच्या आसपासच आहेत, आणि पऱ्हाटी तर बरेच शेतकरी पेटवूनच देतात. "सर, दोन कोटी पाह्यजे. व्हीसीकडून भेटतील ना?" व्हीसी म्हणजे व्हेंचर कॅपिटल, शेअर घेऊन नव्या कंपन्यांत पैसा घालणारे फंड. मी त्याची एक्सेल शीट उघडली. दोन कोटींपैकी सव्वा कोटी नुसती पऱ्हाटी विकत घेऊन गोदामात रचायला होते.

माझ्या मते सगळ्यात महागडी चूक हीच. कापूस संपला की पऱ्हाटी निघते आणि पाऊस लागायच्या आत ती कोरडी उचलावी लागते. म्हणजे बारा महिन्यांचा माल तीन-चार महिन्यांत घ्यायचा. हा खेळत्या भांडवलाचा खर्च झाला, आणि त्यासाठी बँकेत कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसं उचलायचं आणि फेडायचं कर्ज, असते. व्याज भरायचं, माल विकायचा, मोकळं व्हायचं. शेअर देऊन पऱ्हाटी घेतली तर माल बॉयलरमध्ये जळून जातो, हिस्सेदार मात्र कायमचा बसतो.

व्हीसीलाही हा धंदा नको असतो. त्याचा फंड साधारण दहा वर्षांचा, पैसा दुसऱ्यांचा, आणि दहातल्या बऱ्याच कंपन्या बुडणार हे त्याने धरलेलंच असतं. म्हणून उरलेल्यांपैकी एखादी तरी कितीतरी पटींनी वाढायला हवी. एकामागे एक मशीन लावत वाढणारा पेलेटचा कारखाना किंवा छतावर सोलर बसवून देणारी कंपनी तशी वाढत नाही. ते चांगले धंदे आहेत, पण बँकेचे.

आम्ही त्या शीटचे तीन भाग केले. मशीनसाठी टर्म लोन (ठरावीक मुदतीचं कर्ज), तारण नसेल तर सीजीटीएमएसई या लघुउद्योगांसाठीच्या सरकारी ट्रस्टची हमी. मालासाठी कॅश क्रेडिट. आणि पऱ्हाटीच्या राखेतल्या पोटॅशियममुळे बॉयलरच्या नळ्यांवर थर चढतो, तो कमी करायची त्याची स्वतःची प्रक्रिया होती, तेवढ्यापुरती इक्विटी, म्हणजे शेअर देऊन घेतलेला पैसा. दोन कोटींची मागणी पस्तीस लाखांवर आली आणि पहिल्यांदाच समोरच्या गुंतवणूकदाराने तासभर ऐकून घेतलं.

दुसरी चूक म्हणजे प्रयोगशाळेतला आकडा नागपूरचा म्हणून सांगणं. सोलर पॅनेलची क्षमता 25 अंश तापमानाला मोजलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 वर गेला की स्लॅबवरचं पॅनेल 65 अंशांपर्यंत सहज तापतं. सिलिकॉन पॅनेल दर अंशामागे साधारण 0.3 ते 0.4 टक्के क्षमता गमावतं. चाळीस अंशांचे झाले 12 ते 16 टक्के. हा हिशेब तुम्ही मांडला नाही, तर समोरच्याचा इंजिनिअर मांडेल.

संत्र्याच्या सालीचं तर विचारूच नका! दर हंगामाला कोणीतरी त्यापासून बायोगॅस करायला निघतो. एकाचा पायलट, म्हणजे छोटा चाचणी प्रकल्प, बघायला गेलो होतो. वास असा छान की ज्यूस सेंटरवर उभं असल्यासारखं वाटावं, पण गॅस मीटरचा काटा जागचा हलेना. टाकीतल्या पाण्यात पीएच पट्टी बुडवली, तर पाचच्या खाली. सालीच्या तेलातलं लिमोनीन मिथेन (बायोगॅसमधला जळणारा वायू) करणाऱ्या जिवाणूंना मारतं. ते मेले की आम्ल साचत जातं आणि टाकी आंबते. असं झालं असेल तर साल टाकणं थांबवा, चुना टाकून पीएच सातच्या जवळ आणा आणि ताजं शेण घालून टाकी पुन्हा उठवा. पुढच्या वेळी सालीतलं तेल आधी काढा (ते विकलंही जातं) आणि उरलेली साल शेणात थोडी थोडी मिसळा. गुंतवणूकदाराला ही फसलेली टाकी लपवू नका. का फसली आणि कशी उठली, याची वही दाखवा.

अनुदानाबद्दल थोडक्यात. घराच्या छतावरच्या सोलरसाठी असलेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये मिळतात, पण ते ग्राहकाच्या खात्यात जातात, तुमच्या नाही. शीटमध्ये ते स्वतःचं उत्पन्न म्हणून दाखवलेलं मी दोनदा पाहिलंय.

मग घरचा पैसा. समजा, मामाने 25 लाख दिले आणि कंपनीचे 40 टक्के शेअर घेतले. दोघा संस्थापकांकडे उरले 60. पुढे गुंतवणूक घेण्याच्या दोन फेऱ्यांत 20-20 टक्के गेले की 48, मग 38.4, म्हणजे प्रत्येकी 19.2. एवढ्यावर ही पोरं दहा वर्षं राबतील का, अशी शंका व्हीसीला येतेच. असं होऊन बसलं असेल तर फेरीच्या आधीच मामांशी बोला. काही शेअर संस्थापकांनी विकत घेता येतील का ते बघा. फेरी सुरू झाल्यावर हाच विषय निघाला तर घरात वाद होतो आणि सौदाही लटकतो.

मामाचे पैसे कुठल्या खात्यात आले, हेही तपासा. कंपनी कायद्याच्या कलम 42 प्रमाणे शेअरसाठीची रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवायची, 60 दिवसांत शेअर द्यायचे, आणि पीएएस-3 हा शेअरवाटपाचा सरकारी फॉर्म भरल्याशिवाय त्यातला रुपया वापरायचा नाही. साठ दिवस उलटले तर पुढच्या पंधरा दिवसांत पैसे परत. तेही चुकलं तर 12 टक्के व्याज लागतं आणि रक्कम ठेव मानली जाते. असं काही चुकलं असेल तर कंपनी सेक्रेटरीला आजच गाठा. ड्यू डिलिजन्समध्ये, म्हणजे पैसे देण्याआधी गुंतवणूकदार करतो त्या तपासणीत, ते निघणारच.

हायड्रोजन आणि सीबीजीवाल्यांना (सीबीजी म्हणजे दाबून भरलेला बायोगॅस) एक सोय आहे. गॅस सिलिंडरच्या परवानग्या देणाऱ्या पेसो या केंद्र सरकारी संस्थेचं मुख्यालय नागपुरातच, सेमिनरी हिल्सला आहे. टाकीचं डिझाइन पक्कं करायच्या आधी तिथे जाऊन या. पुण्याहून लोक रात्रभर प्रवास करून येतात, तुम्हाला ऑटोने जाता येतं. मे महिना असेल तर सकाळीच निघा.