मृगाआधी कोळंबीची काढणी: शेवटच्या तीन आठवड्यांचा हिशेब

फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये ज्यांनी व्हेनामी जातीच्या कोळंबीचं बी, म्हणजे पिल्लं, सोडलं, त्यांचे तलाव आता 75 ते 90 दिवसांचे झाले असतील. पाग (फेकायचं जाळं) टाकला की 18-20 ग्रॅमची कोळंबी हाताला लागते आणि व्यापाऱ्यांचे फोन सुरू होतात. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळ्यांना एकच प्रश्न पडतो: आता 50 काउंटला (किलोत 50 नग) माल द्यायचा, की 40 काउंट होईपर्यंत थांबायचं? याचं उत्तर बाजारभावात शोधू नका. ते तुमच्या खाद्याच्या वहीत आहे.

वही उघडून एक हिशेब मांडा. एका एकराच्या तलावात 1 लाख 20 हजार कोळंबी जिवंत आहे, सरासरी वजन 20 ग्रॅम, म्हणजे तलावात 2,400 किलो माल आहे. रोजचं खाद्य 55 किलो धरा, आठवड्याचं 385 किलो. किलोला 90 रुपये धरले तर साधारण 35 हजार रुपये. वीज, डिझेल आणि मजुरी रोजची दीड हजार धरली, तर आठवडा 45 हजारांना पडला. आता या आठवड्यात कोळंबी दीड ग्रॅम वाढली, तर 180 किलो माल वाढला. 340 रुपये भावाने ते 61 हजार होतात. इथे थांबणं परवडतं. पण वाढ अर्ध्याच ग्रॅमची झाली, तर 60 किलो माल, 20 हजार रुपये. म्हणजे आठवड्याला 25 हजार पाण्यात. त्यात एक टक्का मर धरली की आणखी आठ हजार गेले. भाव मी समजण्यासाठी धरलेत, तुम्ही तुमचे घाला. पण हा हिशेब दर आठवड्याला, पाग टाकून, तलावाच्या चारही बाजूंचा नमुना घेऊन कराच. खाद्य उधारीवर उचललं असेल तर जास्तच जपा, कारण ते बिल निम्म्याहून अधिक खर्चाचं असतं आणि काढणीनंतर सगळ्यात आधी तेच दारात येतं.

अर्ध्या ग्रॅमवर वाढ अडकण्याचं हल्लीचं मोठं कारण ईएचपी. हा बुरशीच्या जातकुळीतला सूक्ष्म परजीवी कोळंबीच्या यकृत-स्वादुपिंडात घर करतो. व्हाइट स्पॉट या विषाणूच्या रोगासारखा तो आठवड्यात तलाव रिकामा करत नाही, म्हणून तो लवकर ध्यानातही येत नाही. कोळंबी खाते, चालते-फिरते, फक्त वाढत नाही. सकाळी चेक ट्रे (खाद्य किती खाल्लं ते बघायला पाण्यात ठेवलेली ताटली) वर काढलात की दहा-बारा कोळंब्या उजेडात धरून पाहा. पाठीवरची आतड्याची रेघ अखंड, खाद्याच्या रंगाची असायला हवी. ती तुटक किंवा पांढरट दिसली, एकाच ट्रेमध्ये 8 ग्रॅमची आणि 20 ग्रॅमची कोळंबी शेजारी-शेजारी आली, वाऱ्याखालच्या कोपऱ्यात विष्ठेचे पांढरे दोरे तरंगताना दिसले, तर प्रयोगशाळेत पीसीआर तपासणी करून घ्या. ईएचपी निघाला तर त्यावर औषध नाही. कुणी बाटली घेऊन बांधावर आला तरी पैसे घालवू नका. खाद्य कमी करा आणि काढणीची तारीख ठरवा.

दुसरा धोका पावसाचा. 2025 मध्ये मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत पोहोचला, आणि त्याआधीही मे महिनाभर वळवाने झोडपलं. मृगाच्या भरवशावर थांबलेले आमच्यासारखे बरेच जण तेव्हा सापडले. अशाच एका पावसाच्या रात्री वीज गेली, जनरेटर उशिरा सुरू झाला. पहाटे चारला बॅटरी मारली तर काठाला लाल डोळ्यांची रांग लागली होती, सगळी कोळंबी वर आली होती. उजाडेपर्यंत दोन तलावांत मर सुरू झाली.

होतं असं की गोडं पाणी हलकं, ते वर थर धरून बसतं. सामू उतरतो, क्षारता घसरते, शेवाळ मरतं आणि कुजताना प्राणवायू खातं. म्हणून पाऊस सुरू होताच सगळे एअरेटर (पाण्यात हवा घालणारी यंत्रं) चालू ठेवा आणि मोरीच्या, म्हणजे तलावाचं पाणी सोडायच्या दाराच्या, वरच्या फळ्या काढून वरचं पाणी जाऊ द्या. खाद्य निम्म्यावर आणा, जोराचा पाऊस असेल तर बंदच करा. बांधांवर आधीच चुना पसरून ठेवा, म्हणजे मातीतली आम्लता धुऊन तलावात उतरणार नाही. प्राणवायू लिटरला 4 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका. पहाटे तो सगळ्यात कमी असतो, मोजमाप तेव्हाचं घ्या. डिझेल आजच भरून ठेवा, जनरेटर आजच चालवून बघा.

कवचावर पांढरे ठिपके आणि काठाला मर दिसली तर मात्र पाणी खाडीत सोडू नका. शेजारच्या सगळ्या तलावांना तीच खाडी पाणी देते. माल तातडीने काढा, ब्लीचिंग पावडर मारून पाणी कोंडून ठेवा आणि शेजाऱ्याला त्याच दिवशी सांगा.

काढणीचा दिवस अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास धरू नका. त्या दिवसांत कोळंबी मोठ्या संख्येने कात टाकते आणि मऊ माल व्यापारी बाजूला काढतो. आदल्या दिवशी शंभर कोळंब्या दाबून पाहा, पाचापेक्षा जास्त मऊ लागल्या तर दोन-तीन दिवस थांबा. युरोपला जाणाऱ्या मालासाठी एमपेडाच्या (केंद्राचं सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण) प्रयोगशाळेतून काढणीपूर्व प्रतिजैविक तपासणी लागते, तिचे दिवस हिशेबात धरा. बर्फ वजनाला वजन हवा, आणि काट्यापाशी घरचं माणूस उभं करा. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावलं, तेव्हा भाव किती झपाट्याने हलतात हे सगळ्यांनी पाहिलं. म्हणून दोन-तीन व्यापाऱ्यांचे काउंटनिहाय भाव आधी विचारून ठेवा.

नॉर्वेतल्या सॅमनपालकांचं एक मला घेण्यासारखं वाटतं. तिथे माशांच्या अंगावरच्या समुद्री उवा दर आठवड्याला मोजतात. सरासरी एका माशामागे अर्ध्या प्रौढ मादीची मर्यादा आहे, वसंतात ती आणखी खाली, 0.2 वर येते. उपचार करायचे तर माशाला उपाशी ठेवावं लागतं, वाढ थांबते, आणि कधी लहान मासाच कमी भावाने काढावा लागतो. हा तोटा ते सोसतात. आणि प्रत्येक पिकानंतर ती जागा किमान दोन महिने रिकामी ठेवतात.

आपल्याकडे पावसात तलाव वाळत नाही, ही कोकणातली खरी अडचण. त्यामुळे काढणी होताच मधला काळा गाळ पाऊस येण्याआधी बाहेर काढा आणि तो बांधावर टाकू नका, परत धुऊन आत येतो. ईएचपी निघालेल्या तलावात ऑगस्ट-सप्टेंबरचं बी सोडू नका. पाऊस संपल्यावर तळाला भेगा पडेपर्यंत वाळवा, हेक्टरी 6 टन कळीचा चुना 10-12 सेंटिमीटर खोल नांगरून मिसळा, मग माती ओली करा. मातीचा सामू 12 पर्यंत चढला तर ईएचपीचे बीजाणू मरतात. एकराला हा चुना साधारण 24 क्विंटल लागतो. त्याची मागणी गणपतीच्या आत नोंदवा. पुढचं बी घेताना हॅचरीचा (बी तयार करणाऱ्या केंद्राचा) तपासणीचा कागद घ्याच, पण त्याच खेपेतला नमुना स्वतः वेगळ्या प्रयोगशाळेत तपासून घ्या.