तेलकट चेहऱ्यासाठी वाफेवर उतरवलेले गुलाबपाणी

गुलाबाच्या पाकळ्या पाण्यात उकळा, गाळा आणि बाटलीत भरा, झाला टोनर, म्हणजे चेहरा धुतल्यावर लावायचे पाणी! हा सल्ला इतक्या ठिकाणी दिला जातो की तोच खरा वाटू लागतो. पण असे जे तयार होते तो गुलाबाचा काढा. त्यात पाकळ्यांचा रंग, तुरटपणा आणि थोडी साखरही उतरलेली असते. जंतूंना ती आयती मिळते, म्हणून तो काढा दोन दिवसांत आंबूस होतो. खरे गुलाबपाणी वाफेतून उतरते आणि पाण्यासारखे रंगहीन असते. बाटलीतले पाणी गुलाबी दिसत असेल तर ते एकतर काढा आहे, नाहीतर त्यात रंग घातला आहे.

या पाण्याकडून अपेक्षाही नेमकी ठेवा. त्याने तेल सुटणे थांबत नाही, कारण तैलग्रंथींवर मुख्यतः संप्रेरकांचा ताबा असतो. रंध्रे ‘बंद’ही होत नाहीत, कारण दाराप्रमाणे उघडझाप करणारा स्नायू रंध्राला नसतोच. धुतल्यावर चेहऱ्यावर राहिलेला साबणाचा आणि तेलाचा अंश पुसला जातो, त्वचा गार होते आणि पुढे लावायचे जेल नीट पसरते. तेलकट त्वचेला एवढे पुरते. लिंबू, व्हिनेगर, तुरटी, कापूर आणि खायचा सोडा या पाण्यात कधीही घालू नका. त्वचेचा पीएच (आम्लतेचे माप, आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण 4.5 ते 5.5 असतो. लिंबाच्या रसाचा 2च्या आसपास आणि सोड्याचा 8च्या वर. दोन्हींनी चेहरा ‘खेचल्यासारखा’ वाटतो आणि त्यालाच लोक गुण आला म्हणतात. ती त्वचेची तक्रार असते. लिंबू लावून उन्हात गेल्यास काळे डाग पडू शकतात, ते महिनोन्‌महिने जात नाहीत.

फुले

गुलकंदाला वापरतात तो गावठी, सुवासिक, गुलाबी गुलाब हवा. तळेगाव-मावळच्या पॉलिहाऊसमधले लांब दांड्याचे डच गुलाब फुलदाणीसाठी वाढवलेले असतात. त्यांना वास जेमतेम असतो आणि फवारणी भरपूर. हाराची फुलेही नकोत. घरच्या कुंडीतली, ओळखीच्या बागेतली किंवा गुलकंद करणाऱ्यांकडची फुले घ्या, आणि ती सकाळी ऊन चढायच्या आत तोडलेली असू द्या. देठ-बुडखे काढून 250 ग्रॅम पाकळ्या भरल्या पाहिजेत. एकदाच, झटपट, गार पाण्यातून काढा.

मांडणी

पाच-सहा लिटरचे रुंद स्टीलचे पातेले, मधोमध स्टीलची उंच अडणी, तिच्यावर 400 मिलीची जड स्टीलची वाटी. वाटीभोवती पाकळ्या आणि सव्वा लिटर पिण्याचे पाणी. पाण्याची पातळी वाटीच्या बुडाच्या दोन बोटे खाली राहिलीच पाहिजे, नाहीतर उकळी आली की वाटी डुगडुगते किंवा तरंगते.

आता झाकण, आणि बहुतेकांचे घोडे इथेच अडते. सगळीकडे ‘झाकण उलटे ठेवा’ असे लिहिलेले असते. आपल्या घरातली बहुतेक झाकणे सपाट असतात. सपाट झाकणावर जमलेले थेंब मध्याकडे येत नाहीत. ते कडेने ओघळून पुन्हा पाकळ्यांत पडतात आणि तासाभराने वाटीत चमचाभर पाणी मिळते. म्हणून झाकण नकोच. गोल बुडाची स्टीलची कढई पातेल्यावर बसवा. तिचा सर्वांत खालचा बिंदू बरोबर वाटीच्या वर आला पाहिजे. कढई कोरडी असतानाच हे तपासा: बुडाला बोटाने पाण्याचा थेंब लावा आणि तो कुठे पडतो ते पाहा. लोखंडी कढई घेऊ नका, गंज आणि वास दोन्ही उतरतात.

कढई आणि पातेल्याची कड यांच्यामधली फट मळलेल्या कणकेच्या वळीने बंद करा, दम बिर्याणीला करतात तशी. फटीतून जी वाफ निसटते तिच्याबरोबर सुगंध जातो. पण कढईवर दगड किंवा वरवंटा ठेवू नका. वाफेचा दाब वाढलाच तर कढई जरा उचलली जाऊन वाफ बाहेर पडली पाहिजे.

उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला अत्तर काढतात ते याच तत्त्वावर. तांब्याच्या देगेत फुले आणि पाणी, बांबूच्या नळीतून वाफ, ती गार पाण्यात बुडवलेल्या भपक्यात, म्हणजे वाफ जमवायच्या भांड्यात उतरते. त्यांचीही सगळी मेहनत आच धीमी ठेवण्यात आणि भपका गार ठेवण्यात जाते. आपल्यालाही याच दोन गोष्टी सांभाळायच्या आहेत.

आच आणि गारवा

उकळी येईपर्यंत मध्यम आच, आणि पातेल्यातून खदखद ऐकू येताच गॅस अगदी बारीक. आवाज हलक्या बुडबुड्यांचा हवा. आच मोठी राहिली की पाकळ्यांचे पाणी उसळून वाटीत पडते, आणि मग एवढा खटाटोप करून उतरवलेल्या पाण्याचा पुन्हा काढाच होतो. उघडल्यावर वाटीत गुलाबी छटा दिसली तर हेच झाले आहे. ते पाणी बाटलीत भरू नका, दुसऱ्यांदाही उतरवत बसू नका. सुगंध गेलेला असतो.

कढईत सुरुवातीपासून गार पाणी आणि बर्फ ठेवा. चार खडे टाकून काही होत नाही. पाव लिटर पाणी वाफेतून उतरवायला किलोभराहून थोडा जास्तच बर्फ लागतो, कारण वाफ पाणी होताना प्रचंड उष्णता सोडते. एवढा बर्फ नसेल तर कढईतले पाणी हाताला कोमट लागले की ओगराळ्याने काढून गार पाणी भरा. दोन लिटरची कढई असेल तर हे तीन-चार वेळा करावे लागते. कढई जागची हलवायची नाही. वरचे पाणी गरम राहिले की वाफ जमतच नाही, कणकेच्या फटींतून घरभर सुवास सुटतो, आणि लोक खूश होतात. तो सुवास तुमच्या वाटीतून गेलेला असतो.

मधूनमधून उघडून बघायचा मोह आवरा. बारीक उकळी लागल्यापासून चाळीस मिनिटांनी गॅस बंद करा आणि पंधरा मिनिटे तसेच राहू द्या. वाटीत 200 ते 250 मिली पाणी असेल. ‘अजून पाकळ्या आहेत, अजून काढू’ हा लोभ महागात पडतो. गुलाबपाण्याच्या वासातला मोठा वाटा पाण्यात सहज विरघळणाऱ्या फेनिलएथिल अल्कोहोलचा असतो आणि सुगंधी भाग लवकर उतरतो. नंतर येते ते शिजवलेल्या पाल्याच्या वासाचे पाणी, आणि ते आधीचे चांगले पाणीही बिघडवते.

साठवण

काचेच्या छोट्या बाटल्या गार पाण्यात ठेवून दहा मिनिटे उकळा, पूर्ण वाळवा, भरा, फ्रीजमध्ये ठेवा. दोन आठवड्यांत संपवा. बोट किंवा कापूस बाटलीत बुडवू नका. तंतू, ढगाळपणा किंवा आंबट वास आला की फेकून द्या, गाळून वापरू नका. वास कमी वाटला म्हणून गुलाबतेलाचे थेंबही टाकू नका. तेल पाण्यात विरघळत नाही, ते वर तरंगते आणि एकाच जागी त्वचेला झोंबू शकते.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात हे पाणी नुसतेच बरे. पुण्या-नाशिकच्या थंडीत किंवा विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात 100 मिलीला अर्धा छोटा चमचा ग्लिसरीन पुरे. त्याहून जास्त घातले की तेलकट चेहरा चिकट होतो.

लावणे

पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहा. गुलाबातल्या जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल या सुगंधी घटकांची काहींना ॲलर्जी असते. नैसर्गिक म्हणून ती टळत नाही.

चेहरा सौम्य फेसवॉशने धुवा, टिपा, आणि किंचित ओलसर असतानाच कापसाला पाच-सहा थेंब लावून कपाळ, नाक, हनुवटीवरून एकदा फिरवा. घासू नका. लगेच जेलसारखे हलके मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन. दिवसातून दोनदा बस. दुपारी चेहरा चमकला की पुन्हा पुन्हा पुसू नका, टिपकागद लावा.

फुटलेल्या पुरळावर लावू नका. ॲडापलीन, बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा आयसोट्रेटिनॉइन हे मुरुमांवरचे औषध चालू असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. त्या दिवसांत त्वचा नाजूक असते आणि एरवी चालणारा सुगंधही झोंबू शकतो. गाठीसारखे दुखणारे पुरळ असेल तर त्यावर हे पाणी औषध नाही, डॉक्टरांकडेच जा.

पातेल्यात उरलेले लालसर पाणी पूर्ण गार करून कुंडीत ओता. त्याची दुसरी बाटली भरू नका.