बीपीची गोळी आणि ताकदीच्या गोळ्या: आधी स्ट्रिप उलटी करा

औषधांच्या काउंटरवर मला हमखास विचारलं जातं, "ताई, बीपीची गोळी चालू आहे, सोबत व्हिटॅमिन घेतलं तर चालेल ना?" मी विचारते, "कोणती गोळी, कोणतं व्हिटॅमिन?" की समोरून उत्तर येतं, "ती गुलाबी, छोटी." रंगावरून मला काय कळणार?

स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचा. दिसत नसतील तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करा. ब्रँडच्या नावामागे 'एच' असेल तर बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, 'एएम' असेल तर अम्लोडिपिन. तरी खात्री घटक वाचूनच करायची.

घटकाचं नाव 'प्रिल' किंवा 'सार्टन'ने संपत असेल (रामिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन), तर पोटॅशियम जपून. ही औषधं पोटॅशियम शरीरात अडवून ठेवतात. स्पायरोनोलॅक्टोनही तेच करतं. रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असावं लागतं. फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि आधी काही जाणवेलच असं नाही. म्हणून पोटॅशियमची गोळी किंवा सिरप डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नको. पण मला गोळीपेक्षा 'लो सोडियम' मिठाचीच जास्त धास्ती वाटते. त्यात बऱ्याचदा सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. बीपी आहे म्हणून घरचे मुद्दाम ते आणतात, आणि मीठच ते, डॉक्टरांना कोण सांगतंय!

हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचं गणित वेगळं. यांच्यामुळे पोटॅशियम आणि मॅग्नेशियम लघवीतून जातं, कॅल्शियम मात्र आत अडतं. त्यावर कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी भरपूर घेतलं की रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं. ६०,००० युनिटची डी सहसा आठवड्याला एक असते, रोज एक नव्हे, आणि ठरलेले आठवडे झाले की ती थांबवायची असते. सारखी तहान, बद्धकोष्ठता, मळमळ, बोलण्यात गोंधळ असं दिसलं तर 'वय झालं' म्हणून सोडू नका, कॅल्शियम तपासून घ्या. टेल्मिसार्टनसोबत यातलं एखादं औषध एकाच गोळीत असेल, तर पोटॅशियम वर जाईल की खाली हे रक्त तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

काही ठिकाणी नुसती वेळ सांभाळली की भागतं. अटेनोलॉल आणि कॅल्शियममध्ये निदान दोन तासांचं अंतर ठेवा. गरोदरपणात मिथाइलडोपा चालू असेल तर लोहाची गोळी त्यासोबत घेऊ नका. लोहामुळे मिथाइलडोपा नीट शोषलं जात नाही. दोन्हींच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

पाण्यात फसफसणाऱ्या व्हिटॅमिनच्या गोळ्या मी बीपीवाल्यांना देतच नाही. फेस येण्यासाठी त्यात सोडियमचा क्षार घातलेला असतो. त्यापेक्षा साधी गोळी बरी. ज्येष्ठमधाचे काढे-चूर्णही रोज नकोत, त्याने बीपी चढतं. बी१२ आणि फॉलिक ॲसिडची नेहमीची मात्रा बीपीच्या गोळ्यांसोबत सहसा चालते.

नवीन काही सुरू करायचं तर एका वेळी एकच करा, आणि पहिले दोन आठवडे बीपी लिहून ठेवा. किडनीचा त्रास असेल तर मल्टीव्हिटॅमिनसुद्धा विचारूनच. बीपीची गोळी मात्र मनाने बंद करायची नाही. अंगातली ताकद गेल्यासारखी वाटली, ठोके चुकायला लागले किंवा चक्कर येऊन पडलात, तर थेट दवाखाना गाठा आणि सगळ्या स्ट्रिपा, मिठाच्या पुडीसकट, बरोबर न्या.